हेडबाईंचा तास

स्टॅनमोर,
जुलै २००७

प्रिय अवधूत,

पत्र मराठीत आहे म्हणून बाजूला ठेवून देऊ नकोस. तुला वाचता येतं हे मला माहीत आहे, कारण शिकवलं मीच आहे. एखादा शब्द अडला तर आईला फोन करून विचार. लीलावतीला तेवढंच बरं वाटेल. तू हल्ली फोन करत नाहीस म्हणून ती कुरकुरत होती. माझं तुझ्याकडे एक काम आहे. ते मी शेवटी सांगणार आहे. धड्याचं शेवटचं पान आधी वाचायची तुझी सवय मी विसरलेली नाही, तेव्हा इथे तसं करू नकोस. काम जयंतकाकांसाठी आहे. त्यांना विसरायचा आजार झाला आहे हे तुझ्या कानावर आलंच असेल. शरीराने ठणठणीत आहेत. बाकीचं ओघात येईल.

मे महिन्यात रेडिओवर तुझी मुलाखत झाली ती मी ऐकली. गवार मोडत बसले होते. मुलाखत घेणाऱ्या बाईचा आवाज गोड होता आणि प्रश्न नेहमीचे होते. कॅमडेनच्या त्या पबच्या माडीवर तुम्ही मुलं उभं राहून लोकांना हसवायला लागलात त्याला पंचवीस वर्षं झाली म्हणून तुम्हा सगळ्यांचा एकत्र कार्यक्रम होणार आहे, तर त्यात तुमची हेडबाई परत पाहायला मिळणार का, असं तिने विचारलं. तू नाही म्हणालास. कारण विचारल्यावर म्हणालास, "ते पात्र ज्यांच्यावरून घेतलं होतं त्या एकदा समोर बसल्या होत्या. अर्ध्यातून उठून गेल्या. मला जे समजायचं ते समजलं. त्यानंतर ती साडी मी नेसलो नाही." मी गवारीचं ताट ढकललं आणि रेडिओ बंद केला. इतकी वर्षं मला वाटत होतं की तुला त्या पात्राचा कंटाळा आला, नट मंडळींना येतो तसा. आणि तू आपला मी रागावले असं समजून बसलास. अरे, विचारायचंस तरी. स्टॅनमोरला जाणारी ट्यूबची गाडी काय बंद पडली होती?

आता मी सांगते ते सरळ बसून वाच.

वील्डस्टोनच्या चर्च हॉलमधला आपला रविवारचा मराठीचा वर्ग तुला आठवतो हे त्या पात्रावरून सगळ्या देशाला कळलंच आहे. तिथले नियम मी ठरवले होते आणि आजही मला त्यात काही वावगं दिसत नाही. पाय खुर्चीवरून खाली. तोंडातलं च्युइंगम कागदात. मग एकेकाने उभं राहून आपलं नाव, वडिलांचं नाव, आडनाव असं सगळं म्हणायचं, शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू जाईल असं. नाही गेलं तर मी रागावत नव्हते, छडी तर नव्हतीच. फक्त "पुन्हा" म्हणायची. तुमच्या शाळांत तुमच्या नावांचे तुकडे पाडले होते. तुला 'डूट' म्हणत. तू वर्गात आलास तेव्हा तूही तेच सांगितलंस, बुटाकडे बघत. मी म्हटलं, पुन्हा. असं किती वेळा म्हटलं कोण जाणे, तुझी आई दारात उभी राहून घाबरली होती. शेवटी तू एवढ्या जोरात "अवधूत मुरलीधर रामटेके" म्हणालास की पलीकडच्या खोलीतली चर्चची मंडळी बघायला आली. त्या दिवशी तू माझ्यावर चिडला होतास. मला चाललं.

मी पाठ फिरवली की तू माझी नक्कल करायचास तेही मला ठाऊक होतं. समोरच्या कपाटाला काच होती, त्यात सगळं दिसायचं. चष्म्यावरून बघणं, घड्याळावर बोट आपटणं, पदर खांद्यावर ओढून घेणं, सगळं. पुस्तकाकडे एवढं लक्ष दिलं असतंस तर ऱ्हस्व-दीर्घाचा तुझा प्रश्न सुटला असता. पण मी तुला थांबवलं नाही, कारण तू बरोबर करत होतास. चुकीचं केलं असतंस तर थांबवलं असतं. आणि 'हेडबाई' हे नाव तुला काकांनीच पुरवलं. ते चहाचा फ्लास्क घेऊन दारात यायचे आणि म्हणायचे, "हेडबाई, सोडा आता लेकरांना, नाहीतर मोर्चा निघेल." घरीही तेच. भाजीत मीठ कमी असलं तर "हेडबाई, परवानगी असेल तर मीठ घेऊ का?" लग्न झाल्यापासून मी त्यांच्या थट्टेचा विषय होते, आणि तक्रार नव्हती.

पुढे तू फार्मसी सोडलीस. लीलावती फोटोच्या कारखान्यातून परस्पर आमच्याकडे आली, अंगावर कामाचा कोट तसाच. सोफ्यावर बसून रडली. "बाई, पोरगं पबच्या माडीवर उभं राहून लोकांना हसवतंय म्हणे," म्हणाली. मग नाक पुसून म्हणाली, "आणि लोक हसत पण नाहीत हो." मला तिचं हसू आलं, पण दाखवलं नाही. तुझ्या वडिलांनी तर घरात तुझं नाव काढायचं बंद केलं होतं. तुम्हा मुलांचं तेव्हा काहीतरी नवीनच चाललं होतं. सासूवर विनोद करायचे नाहीत, काळ्या माणसांवर करायचे नाहीत, बायकांच्या अंगाबांध्यावर करायचे नाहीत. मला ते पटलं होतं. इथल्या टीव्हीवर आपल्या लोकांचं जे काही दाखवत, ते बघून मी खोलीतून उठून जायची. पण मग उरायचं काय? तू म्हणे स्टेजवर गप्प बसून एक अख्खं संत्रं सोलायचास आणि साली लोकांना वाटायचास. नाहीतर इमिग्रेशनचे नियम अंगाईच्या चालीवर म्हणायचास. लोक कंटाळले की तिथला एक माणूस थाळ्यावर टोला मारायचा आणि उभा असलेल्याने खाली उतरायचं. तुझ्यासाठी तो थाळा सर्वांत जास्त वाजला असं काका म्हणत.

हो, काका. हे तुला माहीत नसेल. त्यांचं रेल्वेचं सिग्नल ऑफिस युस्टनला, तिथून कॅमडेन चालत जाण्याइतकं. मला ते ओव्हरटाइम सांगायचे आणि तुझ्या पबच्या माडीवर खांबाला टेकून उभे राहायचे, हातात अर्धा ग्लास सायडर. मला कळल्यावर म्हणाले, "अगं, सगळे त्या पोराला हाकलायलाच बसलेले असतात. एकाने तरी टाळी वाजवायला नको?" म्हणजे संत्र्याला एक माणूस टाळ्या वाजवायचा तो माझा नवरा होता. तेव्हा तुला वाटलं असेल कुणीतरी प्यालेला आहे.

ज्या संध्याकाळी तुझं नशीब फिरलं त्या संध्याकाळीही ते तिथेच होते. पुढच्या रांगेतला तो जाडा माणूस तुझ्या रंगावरून ओरडला. काय ओरडला ते मी इथे लिहिणार नाही. काका सांगत, तू संत्रं खाली ठेवलंस. मफलर काढून त्याचं टोक खांद्यावर ओढलंस, चष्मा नाकाच्या शेंड्यावर आणलास आणि मराठीत म्हणालास, "उभा राहा." त्या माणसाला मराठीचं अक्षर येत नव्हतं, पण तो उभा राहिला. मग इंग्रजीत, "नाव?" तो म्हणाला, ब्रायन. "पूर्ण नाव. वडिलांचं नाव." तो पुटपुटला. "पुन्हा," हे मात्र मराठीतच. तो परत म्हणाला. "शेवटच्या रांगेला ऐकू आलं नाही. पुन्हा." खोली नुसती कोसळत होती म्हणे. मग तू "पाय" एवढंच म्हणालास आणि सगळ्या रांगेने स्टेजच्या कडेवर टेकवलेले पाय खाली घेतले. थाळ्याजवळचा माणूस हातातली मोगरी खाली ठेवून ताठ बसला. तू उतरलास तेव्हा ती सगळी इंग्रज मुलं "पुन्हा! पुन्हा!" ओरडत होती. काका घरी आले ते जेवताना एकटेच हसत होते. मी विचारलं तर म्हणाले, सिग्नलमध्ये आज गंमत झाली.

मला कळलं ते तू टीव्हीवर आलास तेव्हा. व्हिडिओ रेकॉर्डर घरात क्रिकेटसाठी आणला असं मला सांगण्यात आलं होतं. एका दुपारी मी कामावरून लवकर आले तर आमच्या बैठकीच्या खोलीत मीच ओरडत होते. जांभळी साडी, तपकिरी कार्डिगन, चपलांत पायमोजे. निऱ्या तू उलट्या बाजूला खोचल्या होत्यास. आठवडाभर मी काकांशी कामापुरतं बोलले. मग ते बाहेर गेलेले असताना टेप लावून स्वतः पाहिली, कारण न पाहता मत बनवणं मला चालत नाही. आणि माझ्या लक्षात आलं की तू माझ्या इंग्रजीची टिंगल एकदाही केली नव्हतीस. तसं करणं सर्वांत सोपं होतं, लोक हसले असते, पैसेही मिळाले असते. तुझ्या हेडबाईसमोर उभं राहून स्वतःच्या बापाचं नाव घेताना गोऱ्या माणसांची त्रेधा उडत होती, हसू त्याचं होतं. या देशात आल्यापासून माझ्या साडीला कुणी एवढा मान दिला नव्हता.

आता ती उठून जाण्याची गोष्ट. हॅमरस्मिथचं मोठं थिएटर, काकांनीच तिकिटं काढली होती. आमच्या रांगेत वर्गातल्या मुलांचे आईवडील बसले होते. तू त्या पहिल्या रांगेतल्या तरुणाचं च्युइंगम मागितलंस, स्वतःच्या रुमालात घेतलंस, रुमालाची नीट घडी केलीस आणि ती कमरेला खोचलीस. पूर्वी एकदा कागद सापडला नाही म्हणून तुझं च्युइंगम मी असंच घेतलं होतं. ते तुझ्या आणि माझ्याशिवाय कुणालाच ठाऊक नव्हतं. तिथे माझा बांध फुटायला आला. मी ओठ चावला, पर्सचा बंद चावला, काही उपयोग होईना. येत्या रविवारी मला त्याच लोकांच्या मुलांसमोर उभं राहायचं होतं. बाईंना पोट धरून लोळताना त्यांनी पाहिलं असतं तर माझ्या "पुन्हा"ला कोण विचारणार होतं? म्हणून मी उठले. खाली बायकांच्या टॉयलेटमध्ये बेसिन धरून इतकी हसले की एका इंग्रज बाईने हात पुसायचा कागद पुढे केला आणि "आर यू ऑल राइट, लव्ह?" म्हणाली. काका शोधत आले. माझा चेहरा ठिकाणावर नव्हता, आत परत जाण्यात अर्थ नव्हता. घरापर्यंत ते हसत होते आणि मी त्यांना गप्प बसा म्हणत होते. स्टेजवरून तुला फक्त माझी पाठ दिसली. रविवारी मी वर्ग घेतला, नेहमीसारखा. त्या परिस्थितीत दुसरं काही करता आलं असतं असं मला आजही वाटत नाही.

त्यानंतर तू नटच झालास. तुझं सगळं काम मी पाहिलं आहे आणि मतं नोंदवते, कारण तू कधी विचारलं नाहीस. दुकानदार फार केलेस, त्यातला टपालकचेरीचं काउंटर असलेला तेवढा बरा होता. न्यायाधीश झालास त्या नाटकाचा प्रयोग पाहायला आम्ही नॉटिंगहॅमला आलो होतो. वकिलाला गप्प करण्यासाठी तू चष्म्यावरून पाहिलंस आणि काकांनी मला कोपराने ढोसलं. तू साडी सोडलीस पण मला काही सोडलं नाहीस. मधल्या काळात तुला फक्त बॉम्ब ठेवणाऱ्यांच्या भूमिका येत होत्या आणि तू त्या नाकारून घरी बसलास, हे लीलावतीने सांगितलं. ती काळजीत होती. मी तिला सांगितलं की काळजी करू नको, अभिमान बाळग. आणि त्या हॉस्पिटलच्या मालिकेत डॉक्टर म्हणून वाईट बातमी देताना तू समोरच्या बाईकडे न बघता हातातल्या पेनाकडे पाहिलंस. तेव्हा मी म्हटलं होतं, हे खोटं वाटतं. नाही. बरोबर होतं. काकांच्या डॉक्टरांनी मला सांगितलं तेव्हा तेही पेनाकडेच बघत होते. मला तू आठवलास, आणि त्या खोलीत मी एकटी नाही असं वाटलं. त्याबद्दल आभार मानायचे राहिले होते.

काकांचं आता असं आहे. ते मला ओळखत नाहीत. भांडत नाहीत, त्रास देत नाहीत. फार सभ्यपणे वागतात. मी चहा आणून दिला की "आभारी आहे, तुम्ही उगाच त्रास घेतलात" म्हणतात. लग्नापासून ज्या माणसाने मला अगं, नाहीतर थट्टेने हेडबाई म्हणूनच हाक मारली, तो मला तुम्ही म्हणतो आणि मी खोलीत आले की उठून उभा राहतो. एक दिवस त्यांना काहीतरी दाखवावं म्हणून मी तुझी जुनी टेप लावली. तू आलास, पदर ओढलास, "पाय" म्हणालास, आणि काकांनी स्टुलावरचे पाय खाली घेतले. मग पडद्याकडे बघून हसत म्हणाले, "अगं, किती ओरडशील त्या लेकरांना!" अवधूत, मी दाराशी उभी होते. ते अगं माझंच होतं, पत्ता तेवढा तुझ्या घरचा होता. त्यानंतर रोज जेवण झालं की आमचा हेडबाईंचा तास असे. ते पडद्याशी बोलत, भाजीतलं मीठ, सिग्नल, नागपूरची उन्हं, सगळं. मी शेजारच्या खुर्चीत बसून ऐकत असे. माझ्याबद्दल ते काय काय म्हणाले ते लिहिणार नाही, पण उभ्या जन्मात तोंडावर म्हणाले नव्हते असं बरंच होतं. एवढं ऐकायला मिळालं ते तुझ्यामुळे. हे ऋण मोठं आहे आणि मला ते मान्य करायला संकोच वाटत नाही.

गेल्या महिन्यात मशीनने ती टेप खाल्ली. आतून फितीचा गुंता निघाला. एजवेअरच्या दुकानदाराने मान हलवली. टीव्हीवाल्यांना फोन केला तर त्यांच्याकडे तो कार्यक्रम राहिलेलाच नाही. जेवण झालं की काका दाराकडे बघतात आणि मलाच विचारतात, "आज हेडबाई आल्या नाहीत का हो?" शेवटी मी एक प्रयोग केला. जांभळी साडी नेसले, तपकिरी कार्डिगन घातलं, चष्मा नाकावर आणला आणि त्यांच्यासमोर उभी राहून म्हटलं, "पुन्हा." मी स्वतः, माझ्या स्वतःच्या आवाजात. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. मग अगदी समजावणीच्या सुरात म्हणाले, "राहू द्या, बाई. वाईट वाटून घेऊ नका, पण तुम्हाला नाही ते जमायचं. आमच्या हेडबाईंची ऐटच वेगळी." मी स्वयंपाकघरात जाऊन हसले आणि मग हसणं थांबलं.

तर काम हे आहे. येत्या रविवारी, वर्गाच्या वेळेला, तू इथे ये. तुझ्या कॅमडेनच्या कार्यक्रमात हेडबाई करायची की नाही ते तू ठरव. माझी परवानगी हवी असेल तर ती हॅमरस्मिथलाच दिलेली होती, फक्त टॉयलेटमध्ये. पण इथे तुला करावी लागेल. साडी मी इस्त्री करून ठेवली आहे, तुझ्या उंचीला पुरेल. निऱ्या मी घालून देईन, या वेळी सरळ बाजूला. काय बोलायचं याची चिंता नको. नाव विचार, पूर्ण नाव, पाय खाली घ्यायला सांग, पुढचं ते स्वतः बोलतील. तू फक्त माझ्या जागी बसून ऐक. दार मी उघडीन आणि मग भिंतीजवळच्या खुर्चीत बसेन. हसू आलं तर तिथेच हसेन, कारण आता माझा कुठलाही वर्ग नाही. मी उठून जाणार नाही. आणि एकदा करून लगेच कोट चढवू नकोस. समोर एकटे काका असतील, पण तुझे सर्वांत जुने प्रेक्षक आहेत, संत्र्याच्या वेळेपासूनचे. ते म्हणतीलच, "पुन्हा."

तुझीच, भिंतीजवळच्या खुर्चीतली,
अनुराधाबाई